पहिलं पिस्तूल आणि तुमचा हात: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं इतकी आली की सगळी घेणं शक्यच नव्हतं, आणि निम्म्या पत्रांचा सूर एकच, दादा पहिल्यांदाच घेतोय, कुठलं घेऊ ते एकदा सांगून टाका. आता नाव सांगून टाकलं तर माझं काम दोन ओळीत संपतं पण तुमचं काही होत नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि दोन-तीन ठिकाणी जरा कडक बोललोय, मनावर घेऊ नका. परवाना, नोंदणी, वय, काडतुसं किती ठेवायची हे सगळं तुमच्या तिथला कायदा ठरवतो. ते आधी, पिस्तूल नंतर. उलटा क्रम चालेल का असं विचारणाऱ्या दोन पत्रांना उत्तर दिलेलं नाही.

प्रश्न: दादा, कागदपत्रं सगळी पूर्ण झालीत, आता फक्त घ्यायचं बाकी आहे. एक मित्र म्हणतो .४५ घे, एका गोळीत काम तमाम, दुसरा म्हणतो ९ एमएम. मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. काय घेऊ?

तुमच्या पत्रातलं "एकही गोळी झाडलेली नाही" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तुम्ही ते शेवटी असं सहज टाकलंय. कॅलिबरचं, म्हणजे गोळीच्या जाडीचं, भांडण मित्रांना भांडू द्या, तुम्ही आधी एखाद्या रेंजवर जा, शिकवणारा माणूस गाठा आणि त्यांच्याकडची दोन-तीन वेगवेगळी पिस्तुलं त्याच्या देखरेखीखाली चालवून बघा. सुरुवात .२२ ने करा. हसू नका. हे काडतूस १८८७ पासून आहे आणि आजही जगभर नवशिके त्याच्यावरच शिकतात, कारण त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे तुमच्या चुका तुम्हाला दिसतात, धक्क्यामागे लपत नाहीत.

चुका म्हणजे काय ते सांगतो. रेंजवर आम्ही एक खोडी करतो, शिकणाऱ्याच्या मॅगझिनमध्ये (पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची काडतुसांची डबी) मध्येच एखादं खोटं काडतूस भरून ठेवतो, त्याला न सांगता. तो आपला नेम धरतो, ट्रिगर दाबतो, आवाज येतच नाही, आणि तरीही नळी टुणकन दोन बोटं खाली जाते! धक्का आलाच नाही तरी हाताने त्याला आधीच उत्तर देऊन टाकलेलं असतं. चेहरा बघण्यासारखा होतो तेव्हा. आता हीच सवय तुम्ही पहिल्याच दिवशी .४५ हातात घेऊन लावून घेतली तर ती काढायला महिने जातात, आणि तोवर कागदावर गोळ्या सगळीकडे लागतात, फक्त मध्ये लागत नाहीत.

राहता राहिला मित्रांचा वाद. .४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची आणि हळू, ९ एमएमची साडेसात-आठ ग्रॅमची आणि वेगवान, सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर. अमेरिकन सैन्याने .४५ चं पिस्तूल १९११ साली घेतलं आणि १९८५ साली तेही ९ एमएमवरच आले. एका गोळीत काम तमाम हे पडद्यावरचं आहे, खऱ्यात गोळी कुठे लागली याने फरक पडतो, आणि जे पिस्तूल तुम्हाला महिन्यातून दोनदा आनंदाने चालवावंसं वाटतं त्याचाच नेम सुधारतो. ९ एमएमचं काडतूस स्वस्त पडतं, बहुतेक ठिकाणी मिळतं, धक्का सोसण्यासारखा असतो. तर माझं मत: मध्यम आकाराचं ९ एमएम. कायद्याने तुमच्याकडे ते कॅलिबर चालत नसेल तर जे चालतं त्यातलं सगळ्यात सौम्य घ्या आणि मित्रांना माझं नाव सांगा.

आणि हो, काउंटरवर एक गोष्ट करायचीच. पिस्तूल रिकामं आहे ते समोरच्याने तुम्हाला दाखवायचं, मग तुम्ही स्वतः बघायचं, मग सुरक्षित दिशेला धरून मूठ पकडायची. अंगठा आणि पहिल्या बोटामधली खोबण मुठीच्या अगदी वरपर्यंत, मागच्या उंचवट्याखाली घट्ट बसली पाहिजे. पिस्तूलाची नळी आणि तुमचा कोपरापासूनचा हात एका रेषेत पाहिजे. या स्थितीत बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं तर ते पिस्तूल तुमच्या मापाचं. पोचायला मनगट वळवावं लागलं तर ते कितीही नावाजलेलं असो, खाली ठेवा. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये मुठीची मागची पट्टी बदलता येते, ती मागून घ्या आणि परत धरून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

प्रश्न: सर, मी पन्नाशीची बाई आहे, बोटांची ताकद आता पूर्वीसारखी नाही. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढताच येत नाही म्हणून सगळे म्हणतात तुम्ही रिव्हॉल्व्हर घ्या, सोपं पडेल. हे बरोबर आहे का?

ताई, हा सल्ला बायकांना डोळे झाकून दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. रिव्हॉल्व्हर समजायला सोपं हे खरं. सिलिंडर (काडतुसं बसायचा गोल भाग) बाजूला काढला की भरलंय की रिकामं ते एका नजरेत दिसतं, मॅगझिन नाही, स्लाइड नाही, सॅम्युअल कोल्टने १८३६ साली पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच, फिरता सिलिंडर आणि एक नळी. पण चालवायला सोपं? घोडा (मागची छोटी हातोडी) मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबून रिव्हॉल्व्हर चालवायचं तर त्याला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो आणि तो लांबवर ओढत न्यावा लागतो, एका बोटाने, नळी न हलवता. आताच्या बऱ्याच पिस्तुलांना अडीच किलोच्या आसपास पुरतो. म्हणजे बोटांची ताकद कमी म्हणून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि नेमकी बोटांवरच कसरत आली.

स्लाइडचं म्हणाल तर निम्म्या वेळा तो ताकदीचा प्रश्न नसतोच. लोक पिस्तूल लांब धरतात आणि चिमटीत स्लाइड पकडून धनुष्यासारखी मागे खेचतात, तशी ती कुणालाच जड जाईल. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. डावा पंजा स्लाइडवरून पालथा टाका, चारी बोटं एका बाजूला आणि तळव्याचा मांसल भाग दुसऱ्या बाजूला, आणि मग स्लाइड मागे ओढायच्या ऐवजी उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. म्हणजे काम बोटांकडून खांद्याकडे जातं. (डावखुऱ्या असाल तर उलट.) मागे आली की झटकन सोडून द्या, सोबत हात पुढे नेऊ नका, नाहीतर काडतूस अर्धवट अडकतं. मी शिकवलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना हे दहा मिनिटांत जमलंय.

तरीही नाही जमलं तर दोन वाटा आहेत. काही पिस्तुलं मुद्दाम हलक्या स्प्रिंगची बनवतात, ती विचारा. किंवा रिव्हॉल्व्हरच घ्या, पण स्टीलचं, चार इंची नळीचं, किलोभर वजनाचं, .३८ स्पेशलमधलं. वजन असलं की धक्का पचतो. तुम्हाला कुणी नाजूक हाताला नाजूक रिव्हॉल्व्हर म्हणून दोन इंची नळीचं हलकं दाखवेल, ते घेऊ नका, ते चालवायला सगळ्यात कठीण.

प्रश्न: मला अगदी छोटं, खिशात मावेल असं हवंय. सुरुवात छोट्यापासूनच करावी ना?

नाही. सायकलचं तसं असेल, इथे उलट आहे. मूर्ती लहान आणि लाथ महान असा प्रकार असतो तो. काडतूस तेच, पण पिस्तूल निम्म्या वजनाचं, म्हणजे सगळा धक्का तुमच्या पंजावर. मुठीला दोनच बोटं बसतात, करंगळी हवेत. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर कमी म्हणून नेमातली इवलीशी चूकही कागदावर हातभर दिसते. आणि मनगट जरा ढिलं पडलं की स्लाइडला मागे जायला भक्कम आधार मिळत नाही आणि रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन धुराड्यासारखं उभं अडकतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझं पहिलं पिस्तूल असंच होतं, विकणारा म्हणाला साहेब हे कुठेही मावतं, आणि मावायचं खरंच. पहिल्याच दिवशी मूठ जरा वर धरली गेली तर मागे येणाऱ्या स्लाइडने अंगठ्याजवळच्या कातडीवर दोन समांतर चिरा काढल्या, अगदी पट्टी ठेवून आखल्यासारख्या. पुढे मी ते चालवायलाच टाळाटाळ करायला लागलो, कधी हात दुखतोय, कधी वेळ नाही. आठ महिन्यांनी रीतसर विकून टाकलं. न चालवलेलं पिस्तूल म्हणजे कुलपात ठेवलेला दगड.

प्रश्न: सोपा प्रश्न आहे, हसू नका. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं ना?

हसत अजिबात नाहीये, उलट तुम्ही विचारलंत म्हणून हा प्रश्न पानाच्या मध्यावर घेतलाय. नाही, झालं नाही. मॅगझिनमधून एक काडतूस आधीच वर चढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, बसलेलं असू शकतं आणि मॅगझिन काढल्याने ते तिथून हलत नाही. मॅगझिन नसताना बऱ्याच पिस्तुलांचा ट्रिगर तसाच चालतो आणि गोळी तशीच सुटते. "रिकामं होतं हो" म्हणून झालेल्या अपघातांची जातकुळी हीच.

एकदा रेंजवर एक गृहस्थ स्वतःचं पिस्तूल दाखवायला घेऊन आले, चांगले वयस्क, शांत माणूस. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, म्हणाले घ्या बघा, रिकामं आहे. मी म्हटलं काका, तुम्हीच एकदा स्लाइड मागे ओढा. त्यांनी ओढली आणि पितळी काडतूस टप्पकन उडालं, टेबलावर पडलं, घरंगळत कडेपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. कुणी काही बोललं नाही. काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. ते पिस्तूल घरून इथपर्यंत तसंच आलं होतं.

तर क्रम असा लावून घ्या की झोपेतही चुकू नये. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड मागे ओढा, दोन-तीनदा, आणि मागेच अडकवून ठेवा. आता चेंबरमध्ये बघा आणि करंगळी घालून चाचपा, कारण डोळा जे बघायचं ठरवून येतो तेच बघतो, अंधारात तर विचारूच नका. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर पहिलं काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आपसूक आत चढतं, आणि तुम्ही खुशाल समजता की झालं रिकामं. आणि काही पिस्तुलं सफाईसाठी उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो, ग्लॉक कंपनीचं त्यातलंच, तिथे हा क्रम चुकला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

जेफ कूपर नावाचे अमेरिकन प्रशिक्षक होऊन गेले, त्यांनी चार नियम रुळवले जे आज बहुतेक सगळीकडे शिकवतात. माझ्या भाषेत सांगायचं तर: प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून चाला, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावर नळी फिरवू नका, साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरवर नेऊ नका, आणि लक्ष्य काय आहे व त्याच्या मागे काय आहे ते माहीत करून घ्या. यातला तिसरा लोकांना किरकोळ वाटतो. पण माणूस दचकला, अडखळला किंवा दुसऱ्या हाताने काहीतरी गच्च पकडलं की दोन्ही हातांची बोटं एकदम आवळतात, हे शरीर आपलं आपण करतं, तुमची परवानगी घेत नाही. बोट बाहेर, नळीच्या रेषेत सरळ ठेवलेलं असेल तर हवेत आवळलं जातं, एवढंच.

सेफ्टीचा खटका आहे ना मग, असं पुढचं पत्र होतं. खटका हे यंत्र आहे, यंत्र बिघडतं, आणि कित्येक पिस्तुलांना तो नसतोच. ग्लॉकचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली घेतलं तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं ते याचंच, बाहेर अंगठ्याने लावायचा खटका नाही, तीन सुरक्षा आतल्या आत. पडलं तर सुटत नाही, पण ट्रिगर दाबला तर सुटणारच, तो तुम्ही दाबलाय की शर्टाच्या टोकाने हे त्याला कळत नाही. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं, आकार धरून राहणारं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) घ्या, पिशवीत किंवा कमरेला नुसतं खोचून फिरू नका.

प्रश्न: वापरलेलं एक पिस्तूल निम्म्यात मिळतंय, वरून एकदम चकचकीत आहे. घेऊ का?

चकाकी सोडा, नळी बघा. रिकामं केल्यावर उघडून नळी बाहेर काढा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा. आतले पीळ स्पष्ट दिसले पाहिजेत, खड्डे नकोत, आणि कुठे गडद कड्यासारखी सावली दिसली तर सरळ निरोप घ्या. ते कडं म्हणजे कधीतरी एक गोळी नळीत अडकली असताना मागून दुसरी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली. मॅगझिनचे वरचे ओठ वाकडे नाहीत ना ते बघा, पिस्तूल अडकण्याचं कारण पिस्तुलात कमी आणि मॅगझिनमध्ये जास्त सापडतं. रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा चढवून सिलिंडर हलवून बघा, किंचित हालचाल चालते, लडबड नको, आणि हे काडतुसाच्या प्रत्येक घरावर करायचं, एका नाही.

मूळ मालकाने ट्रिगर "हलका करून घेतलाय" असं कौतुकाने सांगितलं तर घेऊ नका. घरच्या घरी घासलेला ट्रिगर हा पहिल्या पिस्तुलात नकोच. आणि व्यवहार रीतसर नोंदवूनच, तोंडी काही नाही, नंबर कागदावरचा आणि हत्यारावरचा जुळवून.

प्रश्न: माझ्या पिस्तुलावर ९ एमएम लिहिलंय, डब्यावरही ९ एमएम लिहिलंय, तरी दुकानदार म्हणाला हे चालणार नाही. फसवतोय का?

अहो, त्याचे आभार माना. नऊ नऊ करत किमान तीन भावंडं आहेत. ९ बाय १९ (गोळीची जाडी बाय काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, मिलिमीटरमध्ये) हे नेहमीचं, गेओर्ग लुगरने काढलेलं, शंभर वर्षांहून जुनं. ९ बाय १७ त्याहून आखूड, त्यालाच .३८० असंही म्हणतात. आणि ९ बाय १८ हे मकारोव्हचं, त्याची गोळी मुळात जराशी जाड, सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास. नळीवर किंवा स्लाइडवर पूर्ण नाव कोरलेलं असतं, ते अक्षर न अक्षर डब्याशी आणि काडतुसाच्या बुडाशी जुळलं पाहिजे. आत बसतंय म्हणून चालतंय असं नाही. .३८ स्पेशल हे .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं पण उलटं नाही, ही अजून एक गंमत लक्षात ठेवा.

प्रश्न: दादा, घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. बायको म्हणते पिस्तूल आलं तर मी नाही. मी म्हणतो उंच कपाटावर ठेवू, त्याला कळणारही नाही. तिला कसं समजावू?

समजवायचं तुम्हाला आहे, वहिनींना नाही. पाच वर्षांच्या पोराला कपाटावरचं काय कळत नाही? तुम्ही लपवलेली कुठली गोष्ट त्याने आजवर शोधली नाही ते आठवून सांगा. खुर्ची, मग टेबल, मग कपाट, त्यांचा रस्ता ठरलेला असतो. आणि बोटात जोर नाही म्हणून दाबता येणार नाही असंही समजू नका, लहान मुलं पिस्तूल स्वतःकडे उलटं धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबतात. हे लिहितानाही अंगावर येतं.

म्हणून माझा नियम, पिस्तूल कुठलं हे ठरवायच्या आधी ते कुठे ठेवणार हे ठरलेलं पाहिजे, आणि पैसे मोजताना तिजोरीचे पैसे पहिले बाजूला काढायचे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेली छोटी स्टीलची तिजोरी. पिस्तूल रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्या अंगावर, ड्रॉवरमध्ये नाही. आकडे टाकायचे असतील तर मुलाची जन्मतारीख टाकू नका, तो आकडा त्यालाच पहिल्यांदा पाठ होतो. सोबत मिळणारं केबलचं कुलूप चेंबरमधून घालायचं असतं, म्हणजे पिस्तूल बंदच होऊ शकत नाही, ते जादाचं म्हणून वापरा. ट्रिगरवर बसणारं कुलूप भरलेल्या पिस्तुलाला कधीही लावायचं नाही, लावतानाच ट्रिगर हलू शकतो. उशाखाली, गादीखाली, गाडीच्या कप्प्यात, देव्हाऱ्यामागे, ही सगळी उत्तरं पत्रांत आली होती, सगळ्यांना नाही.

मुलाला त्याच्या भाषेत शिकवायचंच, दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. पण शिकवलंय म्हणून कुलूप सैल करायचं नाही. त्याचे मित्र येतात, त्यांना कुणी शिकवलंय?

आणि एक गोष्ट जी या सदरात फार कुणी विचारत नाही, मीच सांगतो. घरात पिस्तूल आलं की बाहेरच्या चोराचा विचार सगळे करतात, घरातल्या खचलेल्या माणसाचा कुणी करत नाही. आत्महत्येचा प्रयत्न इतर अनेक मार्गांनी झाला तर बहुतेक माणसं वाचतात, नंतर सावरतातही. पिस्तुलाने झाला तर दहातले आठ-नऊ जण जातात. ती घडी बऱ्याचदा फार थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. म्हणून घरात कुणी नैराश्यात असेल, दारू वाढली असेल, नोकरी गेली, घर मोडायला आलं असेल, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही स्वतः असलात तरी, पिस्तूल कायदेशीर मार्गाने घराबाहेर जमा करा, काळ बरा येईपर्यंत. अजून घेतलंच नसेल तर आत्ता घेऊ नका, आणि त्या माणसाला एकटं न सोडता डॉक्टरकडे न्या. यात लाज कसली.

वहिनींना हे पान वाचायला द्या. तरीही त्या नाहीच म्हणाल्या तर घरात ठेवू नका. रेंजवरचं पिस्तूल चालवूनही नेमबाजी होते, आणि कुठल्या रेंजवर हत्यार जमा ठेवायची कायदेशीर सोय असेल तर तीही आहेच.

प्रश्न: कानात कापूस घातला तर चालेल का?

नाही चालत. पिस्तुलाचा आवाज १५० ते १६० डेसिबलच्या घरात असतो आणि १४० च्या वरचा एकच दणका कानाला कायमची इजा करू शकतो. आत फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही, बंद रेंजवर तर नक्कीच. दोन्ही लावले म्हणून दोघांचे आकडे बेरीज होत नाहीत, थोडीच भर पडते, पण ती थोडी भरच कामाची. फोमचा बोळा आधी बोटांत वळून बारीक करायचा, कान वरून ओढायचा, मग आत सारून तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. माझ्या उजव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, तरुणपणीची कमाई. डोळ्यांना चष्मा, गळा बंद शर्ट, कारण उडालेलं गरम पितळ कॉलरमध्ये शिरलं की माणूस नाचतो आणि नाचताना नळी कुठे जाते याचं त्याला भान नसतं.

प्रश्न: अखेर घेतलं! पहिल्या महिन्यात काय करू? आणि दुसरं कधी घ्यावं?

अभिनंदन, आणि पहिलं काम, सोबतचं माहितीपुस्तक वाचा, सगळं, कंटाळा आला तरी. नव्या पिस्तुलात कारखान्याचं ग्रीस किंवा गंज टाळणारा लेप असतो, तो पुसून, पुस्तकात दाखवलेल्या ठिकाणी तेलाचा एकेक थेंब. थेंब म्हणजे थेंब, भजी तळायची नाहीयेत. जास्तीचं तेल जळकी पावडर धरून ठेवतं आणि त्याची काळी पेस्ट होते.

मग रेंज. पहिल्या दिवशी पन्नास गोळ्या पुरे, सात मीटरवर, घाई नाही. हात थकला की थांबा, थकल्यावर चालवलेल्या गोळ्या फक्त वाईट सवयी लावतात. दोन गोष्टी आधीच डोक्यात बसवून जा. ट्रिगर दाबला आणि नुसतं टिक झालं तर नळी समोरच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं, लगेच तोंडाजवळ आणून बघायचं नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी झाडायचीच नाही, पिस्तूल रिकामं करून शिकवणाऱ्याकडे द्या, गोळी नळीत अडकलेली असू शकते. वर नळीतल्या कड्याचं बोललो ते असंच पडतं.

रेंजवर काही खायचं नाही, आणि निघताना हात-तोंड साबणाने धुवायचं. गोळीत शिसं असतं, बहुतेक काडतुसांच्या बुडातल्या स्फोटकातही असतं, ते बोटांवर, बाहीवर बसतं. कपडे वेगळे धुवा, आणि घरी आल्या आल्या मुलाला उचलून घ्यायचा मोह आवरा, आधी अंघोळ.

घरी सराव गोळी न झाडता करायचा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, वर सांगितलेल्या क्रमाने पिस्तूल रिकामं केलेलं, समोर गोळी अडवेल अशी भक्कम भिंत, आणि खोटं काडतूस आत. पुढच्या साइटवर बंद्या रुपयासारखं एखादं नाणं आडवं ठेवा आणि ते न पडू देता ट्रिगर दाबा. दहा मिनिटं रोज, बस. .२२ असेल तर आधी पुस्तकात बघा, त्यातल्या काहींची पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून खराब होते. सराव संपला की "संपला" असं मोठ्याने म्हणा आणि पिस्तूल आत टाका. अजून एकदाच म्हणून परत काढायचं नाही, तोवर काडतुसं भरून ठेवलेली असतात आणि भिंतीला भोकं नेमकी त्या अजून एकदाच्या वेळी पडतात.

कातडी होल्स्टरमध्ये घालून महिनोन् महिने ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि स्टीलला गंज चढतो. तिजोरीत सिलिका जेलची पुडी टाका आणि अधूनमधून बदला.

दुसऱ्याचं म्हणाल तर हजार गोळ्या होऊ द्या आधी. प्रत्येक वेळी तारीख, किती झाडल्या, किती वेळा अडकलं, कुठल्या मॅगझिनने अडकलं असं एका वहीत लिहीत चला. ती वही भरली की मला पत्र पाठवा, तेव्हा बोलू.